भुईच्या पोटातल्या भेगा

पाटण तालुक्यातले एक काका गेल्या पावसाळ्यात आमच्या सरकारी रुग्णालयात आले होते. वय पासष्टच्या आसपास, अंगानं काटक, पण मधुमेह जुना आणि सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसलेली. यकृत कितपत कडक झालं आहे हे पाहण्यासाठी त्यांची फायब्रोस्कॅन तपासणी करायची होती. त्यांना उताणं झोपवलं, उजवा हात डोक्यावर घ्यायला सांगितला, बरगड्यांमधल्या जागेत यंत्राचं टोक टेकवलं आणि बटण दाबलं. या तपासणीत टिचकी मारल्यासारखा हलका धक्का बसतो. असे निदान दहा धक्के द्यावे लागतात.

चौथ्या-पाचव्या धक्क्याला काका हसले. म्हणाले, ‘‘डॉक्टर, आमच्याकडं भुईला असंच होतंय बघा. मांडणीवरची भांडी वाजत्यात आन् परत सगळं गप.’’ कोयनेच्या खोऱ्यातला माणूस. सदुसष्ट सालच्या भूकंपात ते दुसरीत होते. पहाटे आईनं झोपेतच उचलून अंगणात आणलं आणि मागं भिंत बसली, एवढं त्यांना आठवतं. शर्टाची बटणं लावता लावता त्यांनी विचारलं, ‘‘एका टिचकीत तुम्हाला लिव्हरच्या आतलं कळतंय. मग भुईच्या पोटातलं का कुणाला कळत न्हाई?’’

बाहेर ओपीडीची रांग होती, म्हणून मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तो फार नेमका होता. काकांच्या यकृतात आम्ही जी लहर सोडतो, तिला शिअर वेव्ह म्हणतात. भूकंपात घरं हलवणाऱ्या ज्या लहरी असतात, त्यांतली एक प्रमुख लहर हीच, शिअर वेव्ह. आणि या लहरीवरून जमिनीखालच्या खडकातल्या भेगा ओळखण्याचं एक शास्त्र गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं उभं राहिलं आहे. त्यातून बरंच कळतं. काय कळत नाही, हेही त्या शास्त्रानं अनुभवातून शिकून घेतलं आहे.

ढकलणारी आणि हेलकावणारी

खडक तुटून सरकला की त्यातून दोन जातींच्या लहरी निघतात. पहिली पुढं ढकलत जाते. इंजिन डब्यांना येऊन लागलं की धक्का जसा एका डब्यातून पुढच्या डब्यात जातो, तशी. ही पी लहर. ग्रॅनाइटसारख्या खडकात ती सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास धावते. दुसरी लहर पुढं सरकताना खडकाला आडवं हलवते. दोरीचं एक टोक खुंटीला बांधून दुसरं झटकलं की दोरीतून नागमोडी लाट पळते, तशी. ही एस लहर, म्हणजेच शिअर वेव्ह. तिचा वेग साडेतीन किलोमीटरच्या आसपास. ती मागून पोचते, पण सहसा जास्त हलवते. कोयनेकडच्या लोकांना हा अनुभव आहे. आधी एक बारीक थरथर आणि मग खरा हिसका.

भूकंपलेखावर या लहरी वेगवेगळ्या ओळखून दाखवल्या त्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी. ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात नोकरीला होते. १२ जून १८९७ रोजी शिलाँग-आसाम भागात झालेल्या प्रचंड भूकंपाच्या लहरी युरोपातल्या यंत्रांवर उमटल्या होत्या. त्या नोंदींचा अभ्यास त्यांच्या कामाच्या मुळाशी होता.

एस लहरीचा वेग पदार्थाच्या ताठपणावर अवलंबून असतो. निरोगी यकृतात ती सेकंदाला साधारण सव्वा मीटर जाते. यकृतात चट्टे पडून ते कडक झालं की हाच वेग दोन मीटरच्या पुढं जातो. यंत्र हा वेग मोजतं आणि त्यावरून कडकपणाचा आकडा काढतं. सुईनं तुकडा न काढता यकृताच्या आतलं कळतं ते असं. भूकंपशास्त्रज्ञ खडकाच्या बाबतीत हेच करतात. फरक एवढाच की धक्का त्यांना द्यावा लागत नाही, जमीन स्वतःच देते.

पाणी भरलेल्या भेगा

भेग म्हटलं की उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा, पाय अडकेल एवढ्या भेगा डोळ्यांपुढं येतात. इथं त्या अभिप्रेत नाहीत. काही किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचं ओझं इतकं असतं की रुंद पोकळी टिकत नाही. तिथं असतात त्या केसाहून बारीक चिरा आणि खनिजांच्या कणांमधल्या फटी. त्या कोरड्या नसतात, त्यांत पाणी असतं. आणि त्या वाटेल तशा पसरलेल्याही नसतात. जमिनीखालच्या खडकावर सगळ्या बाजूंनी सारखा दाब नसतो. ज्या चिरांच्या तोंडावर मोठा दाब येतो त्या मिटतात. मोठ्या दाबाच्या दिशेला समांतर असलेल्या चिरा उघड्या राहतात. त्यामुळं खोलवरच्या खडकात चिरा बहुधा उभ्या आणि एकाच दिशेला तोंड करून असतात, पुस्तकांच्या रांगेसारख्या.

आता पाण्याचा एक गुण आठवा. पाण्यानं गच्च भरलेली पिशवी चहूबाजूंनी दाबली तर ती जोरदार विरोध करते. पण तिचा वरचा भाग आडवा सरकवला तर विरोध जवळपास शून्य. म्हणून दाबत जाणाऱ्या पी लहरीला पाणी भरलेल्या चिरा फारशा जाणवत नाहीत. आडव्या हेलकाव्यानं जाणाऱ्या एस लहरीला मात्र त्या जाणवतात, आणि चिरा कोणत्या दिशेला आहेत हेही जाणवतं.

घरच्या घरी करून पाहा. टेबलावर आठ-दहा पुस्तकं उभी, एकमेकांना चिकटवून ठेवा. वर तळहात टेकवा आणि मुखपृष्ठाला समांतर दिशेनं हलवायचा प्रयत्न करा. रांग ताठ राहते. आता मुखपृष्ठाला काटकोनात हलवा. पुस्तकं एकमेकांवर घसरतात, कलतात. एकच रांग एका दिशेला ताठ आणि दुसऱ्या दिशेला सैल. उभ्या चिरांच्या खडकाचं असंच असतं. खालून वर येणारी एस लहर अशा खडकात शिरली की तिचे दोन भाग होतात. चिरांना समांतर हेलकावणारा भाग ताठ बाजूनं लवकर पुढं जातो. चिरांना काटकोनात हेलकावणारा भाग सैल बाजूनं रेंगाळत येतो. वर पोचतात तेव्हा त्या एकामागून एक येणाऱ्या दोन लहरी झालेल्या असतात.

एकाची दोन होण्याची ही गोष्ट प्रकाशाच्या बाबतीत फार आधी माहीत झाली होती. १६६९ साली कोपनहेगनमधल्या रास्मुस बार्थोलिन यांनी आइसलँडमधून आलेल्या एका पारदर्शक स्फटिकातून पाहिलं, तर पलीकडच्या वस्तूच्या दोन प्रतिमा दिसल्या. बार्थोलिन वैद्यकाचे पदवीधर होते. डॉक्टर वाचकांना हे आडनाव परिचित असेल, स्त्रीशरीरातल्या एका ग्रंथीला त्यांच्या पुतण्याचं नाव आहे. स्फटिकात कणांची मांडणी दिशेनुसार वेगळी, म्हणून प्रकाश दुभंगतो. खडकात चिरांची मांडणी दिशेनुसार वेगळी, म्हणून एस लहर दुभंगते. आइसलँडचं नाव या गोष्टीत पुढं पुन्हा येणार आहे.

एका ठोक्याचे दोन

दोन लहरींमधलं अंतर किती असतं? समजा भूकंप पाच किलोमीटर खोल झाला. सेकंदाला साडेतीन किलोमीटर वेगानं एस लहर वर यायला साधारण १.४ सेकंद लागतात. चिरांमुळं दोन भागांच्या वेगात तीन टक्के फरक पडला, तर मागची लहर सुमारे चार शतांश सेकंद उशिरा येईल. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

हा आकडा वाचला तेव्हा मला माझे विद्यार्थिदशेतले दिवस आठवले. हृदयाचा दुसरा ठोका दोन झडपा मिटल्यामुळं होतो. श्वास आत घेतला की त्या झडपा किंचित मागंपुढं मिटतात आणि एका ठोक्याचे दोन ऐकू येतात. त्यांच्यातलं अंतर तीन ते पाच शतांश सेकंद. आमचे सर स्टेथोस्कोप कानाला लावायला देऊन विचारायचे, ‘एक की दोन?’ सुरुवातीचे कित्येक आठवडे मला एकच ऐकू यायचा. कान तयार झाल्यावर कळलं की त्या फटीत केवढी माहिती असते. श्वास सोडल्यावरही फट तशीच रुंद राहिली, तर हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असण्याची शंका घ्यायची.

भूकंपशास्त्रज्ञही असेच दोन ठोके शोधतात. त्यांचं यंत्र जमिनीची हालचाल तीन दिशांना नोंदवतं, वर-खाली, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. ईसीजीत एकच हृदय आम्ही वेगवेगळ्या कोनांतून पाहतो, तसंच. या नोंदींवरून आधी पोचलेली एस लहर कोणत्या दिशेला हेलकावते ते काढतात. ती चिरांची दिशा, आणि बहुधा तीच तिथल्या मोठ्या आडव्या दाबाचीही दिशा. मागची लहर किती उशिरा आली यावरून चिरा किती दाट आहेत याचा अंदाज येतो. म्हणजे न खोदता, कित्येक किलोमीटर खालच्या खडकावर दाब कोणत्या बाजूनं आहे आणि तो किती चिरलेला आहे, हे कळतं. अट एकच, मापनाचं ठाणं भूकंपाच्या केंद्राच्या जवळजवळ डोक्यावर हवं. लहर फार तिरपी आली तर जमिनीच्या पृष्ठभागावर तिची अशी मोडतोड होते की दुभंगणं ओळखता येत नाही.

स्टुअर्ट क्रॅम्पिन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये तुर्कस्तानात, उत्तर अनातोलिया प्रस्तरभंगावर लहान लहान भूकंपांच्या नोंदी घेतल्या. त्यांत हे दुभंगणं स्पष्ट दिसलं. पुढं जगभर ते सापडत गेलं. आज जमिनीखालच्या उष्णतेवर वीज तयार करणाऱ्या क्षेत्रांत आणि तेलविहिरींच्या कामात ही पद्धत वापरतात. कारण खालचं गरम पाणी, वाफ आणि तेल वाहतं ते अशा चिरांमधूनच. विहीर कोणत्या बाजूला वळवली तर जास्त चिरा भेटतील हे त्यावरून ठरवता येतं.

१० नोव्हेंबर १९९८

इथवर कुणाचा फारसा वाद नाही. वाद सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. खडकावरचा ताण वाढत गेला तर चिरांचा आकार बदलेल आणि दोन लहरींमधलं अंतरही वाढेल. मग ते अंतर रोज मोजत राहिलं, तर मोठा भूकंप येण्याआधी सूचना मिळेल का? काकांचा प्रश्न हाच होता.

आइसलँडच्या नैऋत्य भागात लहान भूकंप सतत होतात आणि ठाणीही भरपूर आहेत. तिथं १९९८ च्या उत्तरार्धात दोन एस लहरींमधलं अंतर वाढत असल्याचं क्रॅम्पिन यांच्या गटाला दिसलं. त्यांनी आइसलँडच्या हवामान खात्याला कळवलं. १० नोव्हेंबरच्या सूचनेत त्यांनी म्हटलं होतं की लवकरच ५ तीव्रतेचा भूकंप होऊ शकतो, आणि तो लांबला तर फेब्रुवारीअखेरपर्यंत ६ तीव्रतेचा. १३ नोव्हेंबरला त्या भागात ५ तीव्रतेचा भूकंप झाला. तीन दिवसांत! ही बातमी त्या क्षेत्रात किती गाजली असेल, याची कल्पना करता येईल.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॅलिफोर्नियात जुलै १९८६ मध्ये नॉर्थ पाम स्प्रिंग्ज इथं ६ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. त्याआधी जवळच्या ठाण्यावर असाच बदल दिसला होता, असं क्रॅम्पिन यांच्या गटानं १९८८ मध्ये मांडलं. दोन वर्षांनी दुसऱ्या गटानं त्याच ठाण्याच्या नोंदी पुन्हा तपासल्या. त्यांनी माणसाच्या नजरेऐवजी संगणकाकडून मोजमाप करून घेतलं. शिवाय एकाच जागी, एकाच धाटणीनं झालेले लहान भूकंप निवडले, म्हणजे लहरीची वाट दर वेळी तीच राहील. त्यांना भूकंपाआधी तसा बदल आढळला नाही.

हे आम्हा डॉक्टरांच्या ओळखीचं आहे. एकच एक्स-रे दोघांनी वाचला की दोन मतं होतात. खडकाच्या बाबतीत अडचणी आणखी. दर भूकंपाची जागा थोडी वेगळी, म्हणून लहरीची वाट वेगळी. त्यामुळं ताण मुळीच न बदलताही अंतर कमीजास्त येतं. दुसरी लहर पहिलीच्या शेपटीत मिसळून येते, तिची नेमकी सुरुवात कुठं हे ठरवणं कठीण जातं. आकड्यांत एवढा विखुरलेपणा असताना वाढ खरी की भासमान, हे भूकंप होऊन गेल्यावर ठरवणं सोपं आणि होण्याआधी ठरवणं अवघड. आइसलँडसारखी आगाऊ दिलेली आणि खरी ठरलेली सूचना हे एक उदाहरण आहे. एका रुग्णाला गुण आला म्हणून आपण औषध सगळ्यांना सुरू करत नाही. भूकंपाची तारीख सांगण्याचं साधन म्हणून ही पद्धत आज कुठंही रुळलेली नाही, ती यामुळं.

चुकीच्या इशाऱ्याची किंमत आम्हाला रुग्णालयात माहीत आहे. विनाकारण कर्करोगाची शंका घेतलेला माणूस पुढचा महिना कसा काढतो, ते आम्ही पाहतो. इथं तर तालुकाच्या तालुका घराबाहेर झोपवायचा असतो. दोनदा इशारा फुकट गेला की तिसऱ्या वेळी कुणी बाहेर येत नाही.

कोयनेच्या पोटात

आता काकांच्या मुलखाकडं. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि त्या परिसरात लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे दोनशे माणसं गेली. धक्के तेव्हापासून आजवर थांबलेले नाहीत. जगात धरणाशी जोडलेला एवढा मोठा भूकंप दुसरा नाही. पाण्याचं ओझं हे एक कारण, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे चिरांमधून खाली उतरणारा पाण्याचा दाब. आधीच ताणाखाली असलेल्या प्रस्तरभंगाच्या दोन बाजूंना तो एकमेकींपासून किंचित सुटं करतो आणि घर्षण कमी होतं. म्हणजे इथल्या भूकंपांच्या मुळाशीही पाणी भरलेल्या भेगाच आहेत.

म्हणून केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयानं कराडला एक खास प्रयोगशाळा उभारली आणि गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं. ते २०१७ मध्ये पूर्ण झालं. वरचा सव्वा किलोमीटर काळा बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीचाच खडक. त्याखाली अब्जावधी वर्षं जुना ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. कोयनेचे भूकंप होतात ते या खालच्या खडकात. या परिसरात वेगळ्या छिद्रांमध्ये बेसाल्टच्या खाली भूकंपमापकही बसवले आहेत. पृष्ठभागावरचा गोंगाट तिथं पोचत नाही, त्यामुळं बारीक धक्केही स्वच्छ नोंदवले जातात.

एस लहरींच्या अभ्यासाला अशी जागा क्वचित मिळते. भूकंप वीस गुणिले तीस किलोमीटरच्या छोट्या पट्ट्यात, बहुतेक दहा किलोमीटरच्या आत, आणि वर्षभर सुरू. जलाशयाचं पाणी दर पावसाळ्यात चढतं आणि उन्हाळ्यात उतरतं, म्हणजे निसर्ग आणि माणूस मिळून दर वर्षी तोच प्रयोग पुन्हा करतात. लहरीवरून काढलेली भेगांची दिशा छिद्रातून आलेल्या खडकाशी ताडून पाहता येते. आम्ही सोनोग्राफीचा अंदाज सुईच्या तपासणीशी ताडून पाहतो, तसं. पद्धतीवर विश्वास बसतो तो असा, हळूहळू.

काका सहा महिन्यांनी फेरतपासणीला आले. पहिल्या वेळी आकडा ९.४ किलोपास्कल होता, म्हणजे चट्टे पडायला लागलेले, पण सिरॉसिस नव्हे. या वेळी ८.६ आला. वजन चार किलो उतरलं होतं, साखरही ताळ्यावर होती. मी त्यांना सांगितलं की एवढा फरक यंत्राच्या चुकीतही येऊ शकतो, लगेच पेढे वाटू नका, पथ्य मात्र सोडू नका.

मग त्यांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर दिलं. ‘‘काका, भुईच्या पोटातल्या भेगा कळतात. दाब कुठल्या बाजूनं आहे तेही कळतं. पण ती हलणार कधी, हे आज कुणी सांगू शकत नाही. सांगणारा भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.’’

काका थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, ‘‘म्हंजे माझ्या लिव्हरसारखंच. कधी काय हुईल ते सांगत न्हाई, पण काय करायचं ते सांगताय.’’

ते मुलासाठी दोन खोल्या बांधत होते. खिडक्या-दरवाजांच्या वर सगळ्या भिंतींवरून सलग सळईचा पट्टा टाका, असं मी त्यांना आधीच्या खेपेला सुचवलं होतं. गवंडी म्हणाला होता की खर्च वाढेल. या वेळी काकांनी मोबाइल काढून मला फोटो दाखवला. चारही भिंतींवर पट्टा ओतून झाला होता.